लेबल पुसलेल्या दोन बरण्या: दिवसाची कुठली, रात्रीची कुठली?

मोजणीदार (सोमवार, रात्री १०:४०)

मंडळी, एक गोची झाली आहे. त्या निमित्ताने प्लवकांबद्दल (पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांबद्दल) डोक्यात साचलेला बाकीचा गोंधळही इथेच ओततो.

माझ्यासमोर दोन बरण्या आहेत. दोन्हींत खुल्या समुद्रातल्या एकाच ठिकाणचे नमुने. दोन्ही वेळा जाळी ५० मीटर खोलीपासून सरळ वर ओढलेली. एक ओढ रात्री अकराची, दुसरी त्यानंतरच्या सकाळी अकराची. लेबलं मी बॉलपेनाने लिहून बाहेरून चिकटवली होती. फॉर्मॅलिन ओघळलं, शाई गेली, आता दोन्हींवर एकसारखा निळसर डाग आहे. (पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बरणीच्या आत टाकायची असते, हे मला आता माहीत आहे. कृपया कुणी पुन्हा सांगू नये.)

एका बरणीत नुसती गर्दी आहे. चमचाभर पाणी घेतलं तरी मोजता मोजता डोळे दुखतात. दुसरी त्या मानाने विरळ. प्राणी-प्लवक रात्री वर येतात एवढं मी शिकलोय, म्हणजे गर्दीची बरणी रात्रीची असं लिहून मोकळा होणार होतो. मार्गदर्शक म्हणाले, "घाई करू नकोस, नीट बघ, तेच सांगतील." ते म्हणजे कोण, हे काही सांगितलं नाही.

दुसरी शंका. त्याच ठिकाणचा तापमानाचा आलेख असा: पृष्ठभागापासून ५५ मीटरपर्यंत २८ अंश, रेष जवळजवळ सरळ. तिथून घसरण, आणि १५० मीटरला १७ अंश. हरितद्रव्याचा आलेख मात्र वर जवळपास रिकामा, आणि ७० मीटरच्या आसपास एकदम फुगलेला. ऊन वर आणि हिरवळ खाली, असं का?

अर्धविराम (सोमवार, रात्री १०:५२)

दोन्ही बरण्यांवर टॉर्च मारा. जी डोळे मिटून घेईल ती रात्रीची.

जागा पकडून बसलोय. जाणकार येऊ देत.

दुर्बीण (सोमवार, रात्री ११:३५)

आधी उन्हाचा हिशोब मांडू, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पाण्यावर पडणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी अवरक्त असते. ती पहिल्या एक-दोन मीटरांतच पाणी कोमट करण्यात संपते. मग लाल रंग गळतो, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा. स्वच्छ समुद्रात सगळ्यात लांब पोचतो तो निळा. ही घट चक्रवाढ व्याजाच्या उलट चालते. दर ठराविक खोलीला उरलेल्यातला ठराविक हिस्सा जातो. खुल्या स्वच्छ समुद्रात दर १७ मीटरला प्रकाश निम्मा होतो असं धरा. मग सुमारे ११३ मीटरला पृष्ठभागाच्या एक टक्का उरतो. किनाऱ्याजवळच्या हिरवट, गढूळ पाण्यात तो दर सव्वादोन मीटरला निम्मा होऊ शकतो, म्हणजे तोच एक टक्का पंधरा मीटरलाच गाठला जातो. एकाच दुपारी, एकाच उन्हात, "५० मीटर खोल" या शब्दांचा अर्थ एका ठिकाणी उजेड आणि दुसऱ्या ठिकाणी ठार काळोख. म्हणून प्लवकांची खोली मीटरमध्ये सांगणाऱ्याकडे मी जरा संशयाने बघतो. पाणी कसलं होतं ते आधी सांगा.

हे मोजायची सगळ्यात जुनी आणि अजूनही वापरात असलेली युक्ती म्हणजे दोरीला बांधलेली पांढरी तबकडी. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन पाद्र्याने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात ती सोडली. दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. गंमत म्हणजे हा माणूस मुळात खगोलशास्त्रज्ञ, ताऱ्यांच्या वर्णपटांवर काम करणारा.

एक टक्का ही खूण वनस्पती-प्लवकांसाठी ढोबळमानाने "इथवर पोट भरतं" अशी मानतात. प्रकाशसंश्लेषणातून मिळणारं आणि श्वसनात खर्च होणारं जिथे सारखं होतं, ती खोली त्याच्या आसपास येते. ती मोजणाऱ्यांची सोय आहे. प्लवकांनी त्यावर सही केलेली नाही.

तुमच्या फुगवट्याबद्दल निळाईताई जास्त नीट सांगतील. त्यांना हाक मारतो.

निळाई (मंगळवार, सकाळी ७:१०)

आले.

मोजणीदार, आलेखात आधी एक रेघ मारा. ५५ मीटरपर्यंत तापमान सरळ आहे, म्हणजे तेवढं पाणी वाऱ्याने ढवळून एकजीव केलंय. त्याच्या खाली थर्मोक्लाइन, म्हणजे पाणी झपाट्याने थंड होत जातं तो थर. आता विचार करा, नायट्रेट आणि फॉस्फेट कुठे आहेत? वरच्या थरातली वनस्पती-प्लवकांनी केव्हाच संपवली. जे मेलं, जे विष्ठेच्या गोळ्यांतून पडलं, ते खाली बुडालं आणि कुजून तिथेच पुन्हा विरघळलं. कोठार खाली, दिवा वर. दोन्हींचा हात पुरेल अशी जागा एकच, थर्मोक्लाइनच्या वरच्या अंगाला, जिथे उजेड शेवटचे काही टक्के उरलाय आणि खालून पोषकद्रव्यं झिरपतायत. तुमचे ७० मीटर तेच आहेत. उपोष्ण कटिबंधातल्या महासागरांच्या मध्यावर हा फुगवटा १०० मीटरच्याही खाली असतो.

पण एक फसगत टाळा. हरितद्रव्य जास्त म्हणजे वनस्पती जास्त, असं लगेच लिहू नका. अंधारात राहणारी पेशी मिळेल तो प्रकाश पकडायला स्वतःत हरितद्रव्य ठासून भरते. वरची पेशी भर उन्हात असते, तिला एवढं लागत नाही, उलट जास्त प्रकाशाने तिची यंत्रणाच बिघडते. म्हणून दुपारी प्रकाशसंश्लेषणाचा सर्वाधिक दरही अगदी पृष्ठभागावर मिळत नाही, काही मीटर खाली मिळतो. तुमच्या फुगवट्यातला किती भाग खरी गर्दी आणि किती नुसत्या गडद झालेल्या पेशी, हे पेशी मोजल्याशिवाय कळणार नाही.

आणि उपग्रहाच्या चित्रावर विसंबू नका. त्याला वरचे थोडेच मीटर दिसतात. ७० मीटरची हिरवळ त्याच्या लेखी नाहीच.

या काठावर कोण राहतं ते सांगण्याचा मोह आवरत नाही. प्रोक्लोरोकॉकस नावाचा जीवाणू. व्यास सुमारे ०.६ मायक्रॉन. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो इतकी वर्षं सगळ्यांच्या नजरेतून सुटला. सॅली चिशोम आणि सहकाऱ्यांनी पेशी एकेक करून लेझरसमोरून नेणारं यंत्र जहाजावर चढवलं तेव्हा कुठे सापडला, आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीवर संख्येने सर्वात जास्त असलेला प्रकाशसंश्लेषी जीव हाच. त्याचे उजेडातले आणि अंधारातले असे वेगळे वाण आहेत. खालच्या वाणात निळा प्रकाश पकडणारं हरितद्रव्य 'बी' तुलनेने जास्त. पृष्ठभागाच्या एक टक्क्याहूनही कमी उजेडात तो वाढतो. दुर्बीण, तुमची ती एक टक्क्याची सही याने तर मुळीच केलेली नाही.

शंकासूर (मंगळवार, सकाळी ९:२५)

वाचतोय. पण आतापर्यंतच्या सगळ्या कथेत नायक प्रकाशच आहे. शीर्षकात नसलं तरी मोजणीदारांनी तापमानाचाही आलेख दिलाय. मला वाटतं तापमान इथे फक्त सोबतीला उभं आहे. खोल गेलं की थंड होतं आणि खोल गेलं की अंधारही होतो. दोन्ही एकदम बदलतात, मग श्रेय कुणाला द्यायचं हे कसं ठरवणार?

उतरंड (मंगळवार, दुपारी १:०५)

शंकासूर, प्रश्न चांगला आहे. पण तापमान सोबतीला उभं नाही, मजले त्यानेच बांधलेत.

मोजणीदारांचाच आलेख घ्या. खारटपणा सारखा धरला तर २८ अंशांचं पाणी आणि १७ अंशांचं पाणी यांच्या घनतेत घनमीटरमागे साधारण ३ किलोंचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ, पण वाऱ्याला हे जड पाणी हलक्यात मिसळायचं तर ते उचलावं लागतं, आणि त्याची ताकद तिथे संपते. ही फरशी नसती तर पोषकद्रव्यं वर आली असती आणि निळाईताईंचा फुगवटाही नसता. म्हणजे दिवा प्रकाशाचा असला तरी तो कुठल्या मजल्यावर लावायचा ते तापमानाने ठरवलंय.

दुसरं काम वेगाचं. रिचर्ड एपली यांनी १९७२ मध्ये वनस्पती-प्लवकांच्या वाढीचे आकडे एकत्र मांडले. बाकी सगळं पुरेसं असेल तर दर १० अंशांना वाढीचा कमाल वेग जवळजवळ दुप्पट होतो. पण मेख "पुरेसं असेल तर" या शब्दांत आहे. प्रकाश कमी पडत असेल तेव्हा प्रकाशसंश्लेषणाला उबेचा फारसा फायदा होत नाही, कारण अडलंय ते प्रकाशकणांवाचून. श्वसनाचा खर्च मात्र उबेबरोबर वाढतच राहतो. त्यामुळे तेवढाच अंधार थंड पाण्यात परवडतो आणि उबदार पाण्यात परवडत नाही. तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे: प्रकाश तोच ठेवून तापमान बदला, पोट भरण्याची खालची हद्द सरकते.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. थंड पाणी दाट असतं, म्हणजे चिकट. शून्य अंशाच्या समुद्राच्या पाण्याचा चिकटपणा २५ अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. आपल्याला फरक जाणवत नाही, पण अर्ध्या मिलिमीटरहून लहान जीवाला पाणी मधासारखंच लागतं आणि त्याला हा फरक फार मोठा असतो. तोच डायटम (काचेसारखं कवच असलेला वनस्पती-प्लवक) उबदार थरातून झपाट्याने बुडतो आणि थर्मोक्लाइनला आला की रेंगाळतो. तिथे पडत्या कचऱ्याची दाटी होते आणि ती खायला येणाऱ्यांचीही.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. बाणकृमींपैकी (बाणासारख्या सडपातळ, पारदर्शक प्राणी-प्लवकांपैकी) एक, युक्रोनिया हॅमाटा. ध्रुवांकडच्या समुद्रांत तो पृष्ठभागाजवळ सापडतो. विषुववृत्ताकडे यावं तसा खोल खोल जातो, आणि तिथे कित्येकशे मीटर खाली असतो. म्हणजे या ध्रुवापासून त्या ध्रुवापर्यंत एकच प्राणी उष्ण कटिबंधाच्या पोटाखालून पसरलेला आहे, थंड पाण्याची वाट धरून. त्याला प्रकाशच हवा असता तर विषुववृत्तावर तो वर असायला हवा होता. शंकासूर, इथे श्रेय कुणाला?

शंकासूर (मंगळवार, दुपारी १:४०)

युक्रोनियापुढे हात टेकले. पण मजल्यांच्या गोष्टीतही वाद आहेत ना? हॅराल्ड स्वेर्ड्रुप यांनी १९५३ मध्ये मांडलं की हिवाळ्यात ढवळलेला थर एका ठराविक खोलीपेक्षा जाड झाला की वनस्पती-प्लवक फार वेळ अंधारात फिरत राहतात आणि तोट्यात जातात. वसंतात थर पातळ झाला की बहर. सुबक गोष्ट आहे. पण २०१० मध्ये मायकेल बेहरेनफेल्ड यांनी उत्तर अटलांटिकचे उपग्रहाचे आकडे घेऊन दाखवलं की एकूण वाढ भर हिवाळ्यातच सुरू होते, थर सगळ्यात जाड असताना.

उतरंड (मंगळवार, दुपारी २:२०)

बरोबर. त्यांचं म्हणणं असं की थर जाड झाला की खाणारे आणि खाल्ले जाणारे दोघेही पाण्यात विरळ होतात, गाठ पडत नाही, म्हणून वनस्पती तगून वाढतात. वाद मिटलेला नाही. माझ्या मते दोघंही खरे आहेत, वेगवेगळ्या महिन्यांत. पण बघा, दोन्ही गोष्टींत थराची जाडी तर तापमानच ठरवतंय.

खलाशीबुवा (मंगळवार, रात्री ९:१५)

मी शास्त्रज्ञ नाही. जहाजावर प्रतिध्वनी-मापकासमोर (आवाज सोडून खोली मोजणाऱ्या यंत्रासमोर) बरीच वर्षं बसलोय. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

दुपारी खोल समुद्रात असताना कागदावर खऱ्या तळाच्या कितीतरी वर, तीन-चारशे मीटरला, एक करडी पट्टी उमटायची. नवीन पोराला वाटायचं तळ आला. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. धावत जाऊन वर कळवलं आणि जन्माची चेष्टा ओढवून घेतली. संध्याकाळी पट्टी सैल व्हायची, तिचे धागे सुटायचे आणि सूर्य मावळता मावळता ते तिरके वर चढायचे. अंधार पडेपर्यंत पृष्ठभागाखाली नुसता गचपण. पहाटे उलटा प्रवास. पहाटेची उतरंड मला जास्त आवडायची. पूर्वेला नुसती राखाडी कड दिसायची आणि खाली पट्टी निघालेली असायची. आपल्याला उजाडलंय हे कळायच्या आधी त्यांना कळलेलं.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याच्या प्रयोगांत, १९४२ साली, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे हा खोटा तळ पहिल्यांदा नोंदला गेला. मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये सांगितलं की तो रोज सरकत असेल तर ते प्राणीच असले पाहिजेत.

ढगांचं एक बघा. भर दुपारी मोठा काळा ढग आला की पट्टीची वरची कड हलल्यासारखी वाटायची. मला बरीच वर्षं तो भास वाटत होता.

दुर्बीण (मंगळवार, रात्री १०:०५)

भास नव्हता, बुवा. उत्तर प्रशांत महासागरात ढगांच्या सावल्यांबरोबर खोलवरचे थर वर-खाली होतात, हे २०२१ मध्ये रीतसर प्रसिद्ध झालंय. मात्र तुमच्या पट्टीतला मोठा वाटा प्लवकांचा नाही, हवेच्या पिशव्या असलेल्या लहान माशांचा असतो. आवाज हवेवरून जोरात परततो. मासे प्लवकांच्या मागे जातात म्हणून चित्र तेच दिसतं.

आता एक गणित, मला स्वतःला ते फार आवडतं. पौर्णिमेचं चांदणं दुपारच्या उन्हापेक्षा सुमारे ४ लाख पट मंद. समजा एखाद्या प्राण्याने ठरवलं की मी अमुक इतक्याच अंधारात राहणार, कमी नाही, जास्त नाही. दर १७ मीटरला निम्मा होणाऱ्या पाण्यात ४ लाख पटींचा फरक म्हणजे १८-१९ वेळा निम्मा. १७ गुणिले १८.६, म्हणजे साधारण ३१५ मीटर. दुपारी ३५० मीटरला असेल तर पौर्णिमेच्या मध्यरात्री ३५ मीटरला हवा. बुवांच्या कागदावरच्या चढणीशी हे बऱ्यापैकी जुळतं, तेही नुसत्या गुणाकाराने.

खरे प्राणी इतके आज्ञाधारक नसतात. पुष्कळांना प्रकाश किती आहे यापेक्षा किती झपाट्याने बदलतोय हे महत्त्वाचं वाटतं, आणि काहींच्या आत स्वतःचं घड्याळही असतं. पण चंद्राचा धाक खरा आहे. आर्क्टिकच्या ध्रुवीय रात्रीत, सूर्य उगवतच नाही तेव्हा, प्राणी-प्लवक २४ तासांऐवजी २४.८ तासांच्या चक्राने वर-खाली होतात. म्हणजे चांद्रदिवसाच्या. आणि पौर्णिमेच्या सुमारास पृष्ठभाग सोडून ५० मीटरपर्यंत खाली बसतात. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं.

अर्धविराम (मंगळवार, रात्री १०:१२)

तीन मिलिमीटरच्या जीवाने तीनशे मीटर. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या एक लाख पट. माझ्या उंचीच्या माणसाने रोज संध्याकाळी १७० किलोमीटर पोहायचं आणि पहाटे परत. मी जिना बघून लिफ्टकडे वळतो.

शंकासूर (बुधवार, सकाळी ८:३०)

हीच तर माझी पुढची शंका. एवढी ऊर्जा जाळून जायचं कशाला? अन्न वर आहे, वरच राहा ना. "दिवसा मासे बघतात म्हणून लपतात" हे सगळे म्हणतात. पण थंडीचा फायदाही असू शकतो. वर उबेत खायचं, खाली थंडीत कमी खर्चात पचवायचं. मॅक्लॅरन यांनी १९६३ मध्ये तेच सुचवलं होतं.

निळाई (बुधवार, सकाळी ९:५०)

सुचवलं होतं, आणि ते पूर्ण खोटंही नाही. पण नुसत्या थंडीच्या काटकसरीसाठी जायचं तर दिवसा जा किंवा रात्री जा, काय फरक पडतो? सगळे नेमके दिवसाच का जातात? तात्रा पर्वतातल्या तळ्यांवर पोलिश शास्त्रज्ञ ग्लिविच यांनी १९८६ मध्ये याचा छान दाखला दिला. तळी साधारण सारखीच. काहींत मासे कधीच नव्हते, काहींत हल्ली सोडलेले, काहींत फार जुन्या काळापासून. मासे नसलेल्या तळ्यांत कोपेपॉड (झिंग्याच्या नात्यातले बारीक प्राणी-प्लवक) जवळजवळ वर-खाली होत नव्हते. मासे जितके जुने, तितका दिवस-रात्रीचा प्रवास लांब. तळी गोड्या पाण्याची होती खरी, पण मुद्दा तोच.

याची उलटी बाजूही आहे. एका खाडीत लहान कोपेपॉड रात्री खाली आणि दिवसा वर जाताना सापडले, कारण त्यांना खाणारे मासे नव्हतेच. खाणारे होते मोठे प्राणी-प्लवक, जे स्वतः रात्री वर येत. लपायचं कुणापासून त्यावर दिशा ठरते.

थंडीची खरी कमाई ऋतूंच्या प्रवासात दिसते. उत्तर अटलांटिकचा कॅलानस फिनमार्किकस उन्हाळ्यात अंगात तेल साठवतो आणि मग महिनोन्‌महिने ५०० ते २००० मीटर खोल, थंड पाण्यात, न खाता पडून राहतो. तिथे उब असती तर तेल वसंताआधीच संपलं असतं.

आता मोजणीदार, तुमच्या बरण्या. गर्दी बघून ठरवू नका. दोन कारणं. दिवसा मोठे चपळ प्राणी जाळी येताना बघतात आणि बाजूला होतात, म्हणून दिवसाचा आकडा तसाही कमी येतो. आणि प्लवक समुद्रात सारखे पसरलेले नसतात, ढगांसारखे पुंजक्यांनी असतात. एखाद्या पुंजक्यातून जाळी गेली की दिवसाची बरणीही भरते. संख्या दगा देऊ शकते. कोण आहे ते बघा.

प्लुरोमामा शोधा. दोन ते चार मिलिमीटरचा कोपेपॉड. धडाच्या पुढच्या भागात, एकाच कुशीला, एक काळंभोर गोल बटण असतं. फॉर्मॅलिनमध्येही ते टिकतं. एकदा दिसलं की चुकत नाही. हा दिवसा २०० मीटरच्या खालीच असतो. ५० मीटरच्या ओढीत सापडला तर ती ओढ रात्रीची.

खलाशीबुवा (बुधवार, सकाळी १०:२०)

ताई, अरबी समुद्रात दीडशे मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसतो म्हणतात. मग तिथले हे बटणवाले दिवसा जातात कुठे?

निळाई (बुधवार, सकाळी १०:४५)

त्याच पट्ट्यात! प्लुरोमामा इंडिका तिथे चक्क त्यात उतरतो. पुष्कळ शिकारी तिथे मागे येत नाहीत ही सोय आहेच. बाकी प्राणवायूच्या विषयाला वेगळा धागा लागेल.

मोजणीदार (गुरुवार, रात्री ११:३०)

दोन रात्री नागमोडी खाचेच्या ट्रेवर वाकून काढल्यात. मान गेली, पण उत्तर आलं.

गर्दीची बरणी: जवळजवळ सगळे ऑयथोना, म्हणजे अगदी बारीक कोपेपॉड, आणि त्यांचीच पिल्लं. मोठं कुणीच नाही.

विरळ बरणी: ऑयथोना थोडे. आणि मग, तिसऱ्या खाचेच्या वळणावर, एक जाडसर प्राणी कुशीवर पडलेला. सुईने उलटला. उजव्या बाजूला काळं बटण. काजळाचा ठिपका ठेवावा तसं. त्यानंतर ते दिसतच गेले. दोन-तीन कोवळे क्रिलही (झिंग्यासारखे दिसणारे प्राणी) निघाले, मोठ्या काळ्या डोळ्यांचे.

म्हणजे विरळ बरणी रात्रीची आणि गर्दीची दिवसाची! मी सोमवारी लिहून मोकळा झालो असतो तर उलटंच गेलं असतं.

निळाई (गुरुवार, रात्री ११:४८)

झकास. ऑयथोना फारसे वर-खाली करत नाहीत, त्यामुळे दिवसा ५० मीटरच्या आत त्यांचा पुंजका सापडण्यात काही नवल नाही. त्या रात्री चंद्र कुठला होता तेही नोंदवून ठेवा. पौर्णिमा असेल तर आणखी बरेच बटणवाले ५० मीटरच्या खालीच थांबले असतील.

मोजणीदार (शुक्रवार, सकाळी ७:०५)

वहीत बघितलं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची ओढ आहे. म्हणजे विरळपणाचाही थोडा खुलासा होतोय.

पण झोप उडवणारी एक गोष्ट राहिली. दिवसाच्या, गर्दीच्या बरणीत सगळ्यात शेवटी एक बटणवाला सापडला. एकच. पाय मोडलेला, अर्धा वाळल्यासारखा. हा भर दुपारी ५० मीटरच्या वर काय करत होता?

खलाशीबुवा (शुक्रवार, सकाळी ७:४०)

रात्रीची ओढ आधी झाली, सकाळची नंतर, असं तुम्हीच लिहिलंय. मधे जाळी आणि तिच्या टोकाची बादली नीट धुतली होती का? कुणी धुतली?

मोजणीदार (शुक्रवार, सकाळी ७:५२)

मीच.

अर्धविराम (शुक्रवार, सकाळी ७:५३)

पेन्सिलीनंतर आता बादलीबद्दलही कुणी काही बोलू नये.